पिंकहर्स्ट, अ‍ॅडम
चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये काम करणारा लेखनिक. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची हेंगवर्ट व एल्समिअर ही हस्तलिखिते एकाच हातची आहेत, असे हस्तलिखित-अभ्यासक डॉयल व पार्क्स यांनी १९७८ मध्ये मांडले. तो हात पिंकहर्स्टचा, असे अभ्यासक लिन मूनी यांनी २००४ मध्ये जाहीर केले. आधार, लेखनिक-संघाच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली शपथ; तिचे अक्षर हस्तलिखितांच्या अक्षराशी ताडून पाहिले गेले. दोन कप्प्यांचा ‘ए’ किंवा आठाच्या आकड्यासारखा ‘जी’ यांवरून माणूस ओळखता येत नाही. अँग्लिकाना हे त्या काळचे इंग्लंडमधील लेखनवळण शिकलेले सगळेच तसे लिहीत. म्हणून मूनींनी दोन तिरक्या रेघा व टिंब या सजावटीसारख्या बारीक लकबींवरही भर दिला. मात्र अशी सजावट इतरांच्या लेखनातही आढळते, हा आक्षेप वजनदार आहे. जेन रॉबर्ट्स (२०११) व लॉरेन्स वॉर्नर (२०१८) यांनी ही ओळख अमान्य केली आहे.