पिंगुळीची चित्रकथी : शैलीचे सातत्य आणि चित्रकाराचे स्वातंत्र्य

एकदा सिद्ध झालेली शैली चित्रकाराने जपावी की ती मोडून नवे प्रयोग करावेत, हा प्रश्न आधुनिक कलासमीक्षेत बहुधा एका व्यक्तीच्या कारकिर्दीपुरता विचारला जातो. तो त्याहून व्यापक आहे, याची साक्ष सिंधुदुर्गातच मिळते. मालवण तालुक्यातील कट्टा गावाच्या आग्नेयेस कुडाळनजीक पिंगुळी आहे. तेथील ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने चित्रकथीची परंपरा जोपासली. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा हा वर्ग महाराष्ट्रात प्राचीन असून बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही त्याचा उल्लेख आढळतो.

एका आख्यानाच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी एक पान श्रोत्यांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगतो आणि मग पान पालटतो. चित्रांतील चेहरे बहुधा एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी. देवळातील मंद उजेडात दूर बसलेल्या श्रोत्यास प्रत्येक पानावर तोच राम व तोच रावण तत्काळ ओळखता आला पाहिजे. शैलीचे सातत्य ही येथे चित्रकाराची आवड नव्हे. ते कथनाचे साधन होय.

मग या कलेत प्रयोगाला स्थानच नव्हते काय? होते, पण ते रेषेपेक्षा वाणीत अधिक होते. युद्धाचे एकच पान समोर ठेवून कथेकरी निवेदन लांबवू शके, आटोपू शके, समोरचे श्रोते पाहून त्यात विनोद किंवा उपदेश घालू शके. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर चित्र हे व्याकरण होते आणि निवेदन हे वाक्य. व्याकरण स्थिर असते म्हणूनच नवे वाक्य ऐकणाऱ्यास कळते.

या स्थैर्याला आणखी एक कारण होते. पोथी पवित्र मानली जाई. जीर्ण झालेली पाने पाण्यात विसर्जित करण्याची रीत होती. मूळ प्रत अशा रीतीने नाहीशी होत असल्यामुळे शैली केवळ नकलेतून जिवंत राही. चित्रकाराने मनाप्रमाणे मोठा बदल केला, तर मागे वळून पाहण्यास जुने पान उरणार नव्हते.

ज्या चित्रकाराला कथा सांगावयाचीच नाही, त्याची स्थिती अगदी वेगळी असते. गोमंतकीय घराण्यातील वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतल्यानंतर त्यांच्या चित्रांत आकृती होत्या आणि पॉल क्ली या चित्रकाराचा प्रभावही होता. 1950 नंतरच्या दशकात त्यांनी आकृतीचा त्याग केला. पुढे रोलर व रंगसुरीने रंगांचे थर देण्याची जी पद्धती त्यांनी सिद्ध केली, तिच्याशी ते अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले. एक मोठा त्याग आणि त्यानंतर दीर्घ सातत्य, असा हा क्रम आहे. परंतु हे सातत्य कोणत्याही श्रोत्याच्या गरजेपोटी आलेले नव्हते. ते चित्रकाराने स्वतःवर घातलेले बंधन होते.

पिंगुळीच्या चित्रकाराला आज या दोन स्थितींच्या मध्ये उभे राहावे लागत आहे. जुनी पाने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन झाली. त्यामुळे शैलीला प्रथमच पाहण्याजोगा भूतकाळ लाभला. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि परंपरेकडे देशाचे लक्ष वेधले गेले. तथापि चौकटीत बसवून विकल्या जाणाऱ्या सुट्या चित्रासोबत निवेदन जात नाही. वाक्य हरपले आणि व्याकरण तेवढे उरले. पूर्वी शैली स्थिर राहावी ही श्रोत्यांची गरज होती. आता ‘पारंपरिक’ चित्र हवे असणाऱ्या ग्राहकाची ती मागणी आहे. बाह्यतः सातत्य तेच, कारण मात्र बदलले.

म्हणून या परंपरेचा विचार करताना शैली बदलली की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. ती कोणासाठी स्थिर राहिली, आणि वाणीकडे असलेले स्वातंत्र्य वाणी थांबल्यावर कोणाकडे आले, हे तपासावे लागेल. ते रेषेकडे आले, तर पिंगुळीच्या नव्या प्रयोगाला परंपरेशी द्रोह म्हणता येणार नाही. कथेकऱ्याचे अपुरे राहिलेले वाक्यच चित्रकार पुरे करीत आहे, असे म्हणावे लागेल.