न्यूट्रॉन तारा–कृष्णविवर विलीनीकरणाचा दर

न्यूट्रॉन तारा–कृष्णविवर विलीनीकरणाचा दर म्हणजे विश्वाच्या ठरावीक घनफळात एका वर्षात अशा किती जोड्या एकरूप होतात याचा अंदाज होय. तो ‘प्रति घन गिगापार्सेक प्रति वर्ष’ या एककात देतात. एक गिगापार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ अब्ज प्रकाशवर्षे.

पार्श्वभूमी

१९७४ साली हल्स व टेलर यांनी शोधलेल्या जोड-स्पंदकामुळे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा अंदाज प्रत्यक्ष निरीक्षणांवरून बांधता आला. न्यूट्रॉन तारा व कृष्णविवर यांची जोडी मात्र रेडिओ दुर्बिणींना सापडली नव्हती. त्यामुळे सारी भिस्त ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या प्रतिकृतींवर होती. २०१० साली लायगो व व्हर्गो गटांनी संकलित केलेले अंदाज ०.६ ते १,००० इतके पसरलेले होते. संभाव्य मूल्य ३० मानले गेले.

निरीक्षणांवरून अंदाज

जानेवारी २०२० मध्ये ५ व १५ तारखांना अशा दोन घटनांच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. पहिल्या जोडीतील वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ८.९ व १.९ पट, तर दुसरीतील ५.७ व १.५ पट होती. कोणत्याही दुर्बिणीला सोबतचा प्रकाश दिसला नाही.

दर काढण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे: नोंदलेल्या घटनांची संख्या भागिले शोधकांनी न्याहाळलेले घनफळ व काळ यांचा गुणाकार. अडचण घनफळात आहे. जड जोडीचा संकेत अधिक दुरून ऐकू येतो. म्हणून वस्तुमानांची वाटणी कशी गृहीत धरली यावर उत्तर बदलते. केवळ या दोन घटना प्रातिनिधिक मानल्यास दर ४५ (१२ ते १२०) येतो; वस्तुमानांचा विस्तृत पल्ला व पुसट संकेतही धरल्यास १३० (६१ ते २४२). कंसातील मर्यादा ९० टक्के विश्वासार्हतेच्या आहेत. मोजक्या घटनांवरून काढलेल्या दरात मधल्या आकड्यापेक्षा या मर्यादाच अधिक बोलक्या ठरतात.

५ जानेवारीचा संकेत मुख्यतः लिव्हिंगस्टन येथील एकाच शोधकाने टिपला होता. पुढील सूचीत तो खगोलीय असण्याची संभाव्यता निम्म्याहून कमी दाखवण्यात आली. त्या सूचीने दराची कक्षा ७.८ ते १४० अशी दिली. २९ मे २०२३ रोजी सूर्याच्या २.५ ते ४.५ पट वस्तुमानाचा घटक असलेली जोडी आढळल्याने हलक्या कृष्णविवरांचाही हिशेब करावा लागला.

शोधकाचा पल्ला दुप्पट झाला की न्याहाळलेले घनफळ सुमारे आठपट होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया शोधकास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.