झेंडा उतरवताना

मुखेडच्या एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला उदगीर. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्याची खादी उदगीरला विणली जाते. तिरंग्याचे कापड असे आपल्या शेजारचेच आहे.

मात्र याच मुलखात एकेकाळी तिरंगा लावणे हा गुन्हा होता. राजेंद्रप्रसादांच्या ज्या ध्वज समितीत मौलाना आझाद आणि डॉ. आंबेडकर होते, तिच्या शिफारशीनंतर २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंगा स्वीकारला. पण निजामी राज्यात आसफजाही पिवळा झेंडाच राहिला. १५ ऑगस्टला तिरंग्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. भारतात विलीन व्हा, असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी ठार मारले. ते मुसलमान होते, हे आपल्याच मुलांना सांगावे लागते!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या हिंसेत मुसलमानांची मोठी हानी झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासह आपले नांदेडही नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. मुक्तीचा आनंद आणि ही जखम, दोन्ही मराठवाड्याच्या इतिहासात आहेत. एक सांगताना दुसरे लपवायचे कारण नाही.

आज आमच्या दारावरच्या झेंड्याकडे काही जण निष्ठेचा दाखला म्हणून पाहतात. कायदा तसे पाहत नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा दिली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात मोडणारा हक्क ठरवला. हक्काचा पुरावा कोणी कोणाकडे मागत नसतो. हक्कासोबत अदब मात्र येतोच.

हा अदब झेंडा उतरवताना कळतो. ध्वज झटकन चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे संहिता सांगते. तो जमिनीला वा पाण्याला लागू नये. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा, मग दोन्ही टोके आत घ्यावीत, म्हणजे अशोकचक्र वर राहते. फाटका, मळका ध्वज लावू नये. तो पूर्णपणे, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा प्रतिष्ठेला शोभेल अशा अन्य रीतीने नष्ट करावा. हाच ध्वज चारचौघांत अवमानासाठी जाळला, तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होते. आग तीच, नियत वेगळी.

आपल्याला हे समजावून सांगावे लागू नये. कुरआनशरीफची पाने जीर्ण झाली की आपल्या घरांत ती 'फाटली' म्हणत नाहीत, 'शहीद झाली' म्हणतात. स्वच्छ कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी दफन करतात. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रमाण प्रत ठरल्यावर इतर लिखाणे जाळायला लावली, त्यातही अनादर नव्हता. ध्वज हा काही धर्मग्रंथ नव्हे, त्याची इबादत कोणी करत नाही. पण जीर्ण झालेल्या आदरणीय वस्तूला निरोप कसा द्यावा, याचे वळण आपल्या हातांना आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरलाही परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये घरोघरी झेंडे आले. खादी विणणाऱ्यांची चिंता त्याने वाढली, ती वेगळीच. १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी कागदी झेंडे गटारीच्या कडेला दिसतात; संहितेत नसलेले प्लास्टिकचेही दिसतात. १६ तारखेला सकाळी मोहल्ल्यातल्या पोरांनी ते वेचावेत, कागदाचे खाजगीत नष्ट करावेत, प्लास्टिकचे नगरपालिकेकडे वेगळे द्यावेत. सोबत शेजारच्या गल्लीतली पोरेही घ्यावीत. झेंडा त्यांचाही आहे.