जावास्क्रिप्ट बंद असेल तर? वेबच्या एका जुन्या वादाचा इतिहास

१/७
१९९१ साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिले संकेतस्थळ जगासाठी खुले केले. त्यात मजकूर होता आणि दुवे होते. एचटीएमएलचा एक संकेत मात्र दूरगामी ठरला : ब्राउझरला न उमगणारा टॅग त्याने सोडून द्यावा आणि आतला मजकूर दाखवावा.

२/७
मे १९९५. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. पाने हलती-बोलती झाली. परंतु एचटीएमएलची सहनशीलता या भाषेत नव्हती. स्क्रिप्ट अडली, की तिच्यावर विसंबलेले कामही अडले.

३/७
सुरक्षेच्या भयाने वा पॉप-अप जाहिरातींना कंटाळून अनेकजण ती बंद ठेवीत. लिंक्ससारख्या केवळ मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरांत ती चालतच नसे. १९९७ च्या एचटीएमएल ४.० मानकात अशा वाचकांसाठी ‘नोस्क्रिप्ट’ या टॅगची तरतूद झाली.

४/७
मे १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने अपंगांसाठीच्या सुगम्यतेचे पहिले निकष जाहीर केले. स्क्रिप्ट बंद असतानाही पान वापरता आले पाहिजे, ही अट त्यांत सर्वोच्च प्राधान्याची होती.

५/७
२००३ साली स्टीव्हन शँपियन आणि निक फिंक यांनी ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ हा विचार मांडला. आधी पाया, मग सजावट, शेवटी सोय. अर्ज साध्या एचटीएमएलनेच सर्व्हरकडे पोहोचावा. भरतानाच चुका दाखवणे हे स्क्रिप्टचे वरकड काम.

६/७
२००५ मध्ये ‘एजॅक्स’ची लाट आली आणि पारडे फिरले. २००८ च्या नव्या निकषांतून ती जुनी अट गळाली. २०१३ मध्ये फायरफॉक्सनेही जावास्क्रिप्ट बंद करण्याचा पर्याय नेहमीच्या सेटिंगमधून काढून टाकला. वाद संपल्यासारखा वाटला.

७/७
त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने मोजदाद केली. स्क्रिप्टविना राहिलेले वापरकर्ते १.१ टक्के निघाले. त्यांपैकी स्क्रिप्ट बंद केलेले वा ती न चालणारा ब्राउझर वापरणारे केवळ ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांकडे ती चालायला हवी होती. पण चालली नाही. तुटणारे नेटवर्क, मध्येच अडवणारी कार्यालयीन यंत्रणा, अशी कारणे त्यामागे असू शकतात. ‘नोस्क्रिप्ट’ त्यांच्या कामाचा नव्हता. कारण त्यांच्या ब्राउझरात स्क्रिप्ट चालूच होती! पाया भक्कम ठेवण्याचा आग्रह मूठभर हट्टी लोकांसाठी आहे, हा समज या आकड्यांनी खोटा ठरवला.