लिंबाची किंमत किती?

आमचं गाव शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. समजा, तिथल्या एखाद्या आजोबांना कुणी विचारलं, "दारातला लिंब टिकावा म्हणून महिन्याला किती द्याल?" खिसा चाचपून ते म्हणतील, पाच-दहा रुपये. आता प्रश्न उलटा करा. "किती घेऊन तोडू द्याल?" ते हाकलूनच देतील! झाड तेच, माणूस तोच. मग खरी किंमत कोणती?

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. निसर्गाला बाजारभाव नसेल तर लोकांनाच विचारा, ही कल्पना सिरियासी-वांट्रप यांनी १९४७ साली मांडली. १९६३ मध्ये रॉबर्ट डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या मेनच्या जंगलांसाठी ती वापरून पाहिली. वाद पेटला तो १९८९ मध्ये, अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यावर. अशाच पाहणीतून नुकसानीचा आकडा निघाला, २८० कोटी डॉलर. मग तेल कंपनीच्या पैशातून उलट बाजूचे अभ्यास झाले. त्यातल्या एकात तीन गटांना विचारलं, २ हजार, २० हजार किंवा २ लाख पक्षी वाचवायला किती द्याल? सरासरी उत्तरं होती ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट, पैसे जवळपास तेवढेच!

१९९३ मध्ये अ‍ॅरो आणि सोलो या नोबेल विजेत्यांच्या समितीने नियम सुचवले. त्यातला एक असा की 'किती घ्याल' नको, 'किती द्याल' विचारा, म्हणजे आकडा फुगत नाही.

आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची अशी पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईकर कुटुंबं महिन्याला सरासरी साडेसात रुपये द्यायला तयार होती. एकूण मूल्य निघालं सुमारे १०३ कोटी रुपये, तर उद्यानाचं तेव्हाचं बजेट होतं १.७ कोटी. म्हणजे असे आकडे कामाचे असतात, हे मान्य.

पण 'किती द्याल' म्हटलं की प्रेमाआधी खिसा मोजला जातो. मजुराचा लिंब आपोआप स्वस्त ठरतो. आणि "पैशाचं बोलूच नका" म्हणणाऱ्याचं उत्तर 'निषेधाचं' ठरवून बहुधा सरासरीतून वगळतात. ज्याचा जीव झाडात सगळ्यात जास्त अडकलाय, तोच हिशेबाबाहेर!

म्हणून असा आकडा वाचला की मी आधी दोन गोष्टी शोधतो. प्रश्न नेमका काय होता, आणि किती जणांची उत्तरं बाजूला ठेवली?