सायकलचा सांगाडा आणि वारा

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी सायकलशर्यतींसाठी बांधलेले एक बंदिस्त क्रीडागार आहे. तेथील कलत्या लाकडी धावपट्टीवर क्रिस बोर्डमन ह्या इंग्रज सायकलपटूने १९९६ च्या सप्टेंबरात एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर तोडले. पुढे २००० च्या ऑक्टोबरात त्याच धावपट्टीवर तोच स्वार पुन्हा एकदा तासभर जिवाच्या आकांताने दौडला. ह्या वेळी अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ सात किलोमीटरांची तूट आली. तरीही ह्या दुसऱ्या दौडीनंतर प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि विक्रमांच्या वहीत तिची सन्मानाने नोंद झाली. चार वर्षांनी वाढलेले वय ह्या तुटीला काही अंशी कारणीभूत असेल. परंतु माणूस तोच, जागा तीच आणि काळ तोच असता एवढे अंतर पडावे, ह्याचे मुख्य कारण त्याच्या खाली असलेल्या यंत्रात आणि त्या यंत्रावर बसण्याच्या पद्धतीत शोधावे लागते.

सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाला वाऱ्याचा अनुभव असतो. समोरून वारा आला की माणूस नकळत हँडलवर वाकतो. परंतु वारा पडलेला असतानाही वेगाने जाणारा स्वार स्वतःच आपल्यासाठी वारा निर्माण करीत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. हवेचा हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी चाळीस किलोमीटरांवरून पन्नासावर जावयाचे, तर वेग सव्वापटच वाढतो. पण शक्ती मात्र जवळजवळ दुप्पट लागते. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या मार्गात जो एकूण अडथळा येतो, त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग निव्वळ हवेचा असतो.

घोळक्याने धावणाऱ्या शर्यतीत ह्या अडथळ्यापासून पळवाट असते. दुसऱ्याच्या पाठीमागे राहून त्याने फोडलेल्या हवेत शिरता येते. परंतु फ्रेंच लोक जिला ‘घड्याळाविरुद्धची शर्यत’ म्हणतात, तिच्यात ही सोय नाही. प्रत्येक स्वार ठराविक अंतराने एकटा सुटतो, एकटाच धावतो आणि त्याचा निकाल घड्याळ लावते. इंग्लंडात ह्या प्रकाराने १८९५ च्या सुमारास मूळ धरले. रस्त्यावर घोळक्याने शर्यती लावल्याने पोलिसांचा रोष ओढवे. तो टाळण्यासाठी काळे कपडे घालून, भल्या पहाटे, एकेकट्याने धावण्याची प्रथा तेथे पडली. आडोसा नसल्यामुळे अशा शर्यतीत स्वार, त्याचे यंत्र आणि वारा एवढीच तीन पात्रे उरतात. सायकलच्या सांगाड्याच्या आकाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो इथेच.

तासाच्या विक्रमाचेही तेच. पहिला मान्य विक्रम १८९३ मध्ये पॅरिस येथे आंरी देग्रांज ह्याने केला, तो ३५.३२५ किलोमीटरांचा. हाच गृहस्थ पुढे ‘तूर द फ्रान्स’ ह्या जगप्रसिद्ध शर्यतीचा जनक झाला. त्यानंतरची ऐंशी वर्षे सायकलचा सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. गोल पोलादी नळ्यांचा त्रिकोण कायम राहिला. कारागीर काळजी करीत ती वजनाची. १९७२ मध्ये बेल्जियमचा एडी मर्क्स मेक्सिको शहरी ४९.४३१ किलोमीटर दौडला, तेव्हा त्याची सायकल पावणेसहा किलोंच्या आसपास होती. साखळीलाही भोके पाडून ती हलकी केली होती. वाऱ्याचा विचार मर्क्सने केला नाही असे नाही. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे ते शहर त्याने निवडले ते तेथील हवा विरळ असते म्हणूनच. यंत्राचा आकार बदलण्याऐवजी त्याने हवाच बदलली, असे म्हणावयास हरकत नाही.

वस्तुतः आकाराचे महत्त्व त्याच्या कितीतरी आधी काहींना कळले होते. १९३३ साली फ्रान्समध्ये दोन घटना घडल्या. फ्रांसिस फोर ह्याने पाठीवर रेलून पाय पुढे करून चालविण्याच्या सायकलवर तासात ४५.०५५ किलोमीटर तोडून १९१४ पासून अबाधित असलेला ओस्कार एग ह्याचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी मार्सेल बेर्ते ह्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरील स्वाराने सायकलभोवती माशाच्या आकाराचे कवच बसवून पन्नास किलोमीटरांना केवळ काही मीटर कमी एवढे अंतर गाठले. फोर हा त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या सायकलपटूंत गणला जात नव्हता. म्हणूनच खळबळ अधिक उडाली. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ मध्ये निवाडा दिला तो असा, की हे विक्रम वेगळ्या वहीत लिहावेत आणि सायकल म्हणजे काय ह्याची व्याख्या ठरवावी. ह्या निवाड्याला पुराणमतवादी म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. परंतु संघटनेपुढचा पेच खोटा नव्हता. यंत्राला मोकळे सोडले, तर शर्यत कारखान्यांची होते आणि यंत्राला बांधून टाकले, तर विज्ञानाचे पाऊल अडते.

मासा आणि नळी ह्यांत एवढा फरक का पडावा? हवा गोल नळीच्या पुढच्या अंगाला वळसा घालते, पण मागच्या अंगाला तिला चिकटून राहता येत नाही. ती तुटते आणि मागे भोवऱ्यांची रांग लागते. त्या भोवऱ्यांच्या पोकळीत दाब कमी असतो व ती पोकळी नळीला जणू मागे खेचीत राहते. तीच नळी पुढून गोलसर व मागे हळूहळू निमुळती केली, तर हवा शेवटपर्यंत चिकटून वाहते आणि तेवढ्याच जाडीच्या वस्तूचा रोध कित्येक पटींनी घटतो. म्हणजे खरा प्रश्न पुढे हवा कशी कापावी हा नसून मागे ती कशी मिटवावी हा आहे. धार पुढे हवी असे मानणाऱ्या सर्वसामान्य समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

ही विद्या विमानांच्या क्षेत्रात केव्हाच रुळली होती. सायकलींत ती थाटामाटाने आली १९८४ च्या जानेवारीत. इटलीच्या फ्रांचेस्को मोझेर ह्याने मेक्सिकोतच आऱ्यांऐवजी भरीव तबकड्यांची चाके वापरली, पुढचे चाक मागच्याहून लहान ठेवले, बैलाच्या शिंगांसारखे हँडल बसविले आणि चार दिवसांच्या अंतराने दोनदा विक्रम करून ५१.१५१ किलोमीटरांची मजल मारली. पाच वर्षांनी, १९८९ च्या ‘तूर’मध्ये, अखेरच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरांची घड्याळाविरुद्धची शर्यत उरली होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या पन्नास सेकंद मागे होता. लेमाँडने हात पुढे जुळवून कोपरे टेकण्याचे नवे हँडल लावले होते व निमुळते शिरस्त्राण घातले होते. फिन्याँच्या डोक्यामागे मोकळी शेंडी उडत होती. त्या टप्प्यात लेमाँडने अठ्ठावन्न सेकंदांची सरशी केली आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. फिन्याँची शेंडी त्याला नडली, अशी आख्यायिका तेव्हापासून प्रचलित आहे. आख्यायिकांत सत्याचा अंश असतो, तसा हिच्यातही आहे. परंतु फिन्याँ त्या दिवसांत गळवाच्या वेदनेने हैराण होता, हे ती सांगणारे विसरतात.

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात माइक बरोज नावाचा एक हरहुन्नरी यंत्रज्ञ राहत असे. त्याने १९८० च्या दशकात नळ्यांचा त्रिकोण टाकून देऊन कार्बनच्या धाग्यांचा एकसंध, पात्यासारखा सांगाडा तयार केला होता. संघटनेच्या नियमांत तो बसेना. १९९० साली नियम सैल झाला आणि शर्यतीच्या मोटारी बनविणाऱ्या, त्याच परगण्यातील लोटस कंपनीने तो सांगाडा हाती घेतला. रिचर्ड हिल ह्या वायुगतिशास्त्रज्ञाने तो वातविवरात, म्हणजे यंत्राने वारा सोडलेल्या बोगद्यात, पुनःपुन्हा तपासला. मात्र केवळ सायकल नव्हे, तर तिच्यावर बसलेला बोर्डमनही त्या वाऱ्यात तपासला गेला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चार किलोमीटरांच्या पाठलागाच्या अंतिम फेरीत बोर्डमनने जर्मनीच्या येन्स लेमानला प्रत्यक्ष गाठलेच. सायकलींत ब्रिटनला बहात्तर वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. वृत्तपत्रांनी मात्र स्वारापेक्षा त्या काळ्या सायकलचेच कौतुक अधिक केले. वर्षानुवर्षे पहाटे उठून मेहनत करणाऱ्या माणसाला ह्याचे काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

पुढच्याच वर्षी ह्या कौतुकाला विलक्षण उत्तर मिळाले. ग्रेम ओब्री ह्या स्कॉटिश स्वाराने घरी स्वहस्ते एक सायकल जुळविली होती. तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग होते. हात छातीखाली दुमडून तो पक्ष्यासारखा बसे. १९९३ च्या जुलैत नॉर्वेतील हामार येथे तो मोझेरचा विक्रम मोडावयास उतरला तो बरोजने त्याच धर्तीवर बनवून दिलेल्या नव्या सायकलवर, आणि अपयशी ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली जुनी सायकल घेऊन तो पुन्हा उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर दौडला. सहाच दिवसांनी बोर्डमनने तो विक्रम मोडला, हा भाग निराळा. ह्या प्रसंगातून एक गोष्ट उघड झाली. हवेच्या एकूण रोधापैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो; चाके, हँडल आणि सांगाडा ह्यांच्या वाट्याला उरलेला भाग येतो. सांगाड्यांची तुलना करणारे तक्ते कितीही बारकाईने काढले, तरी स्वाराने खांदे दोन बोटे आत घेतले की ते सारे गणित बदलते. शिवाय वारा नेहमी नाकासमोरून येत नाही. थोडा तिरका आला की पहिला सांगाडा तिसरा ठरतो आणि तिसरा पहिला. उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनांत ज्याची तुलना त्याचाच सांगाडा सरस का ठरतो, ह्याचे कारणही बरेचसे इथेच आहे.

ओब्रीची बैठक संघटनेने १९९४ मध्ये निषिद्ध ठरविली. त्याने हात पुढे ताणून निजल्यासारखी दुसरी बैठक काढली. बोर्डमनने १९९६ चा विक्रम केला तो ह्याच बैठकीत. त्याच वर्षी लुगानो येथे संघटनेने जाहीरनामा काढला आणि २००० पासून नवे नियम अमलात आले. सांगाडा दोन त्रिकोणांचाच असावा, नळीची खोली तिच्या जाडीच्या तिपटीहून अधिक नसावी आणि वजन ६.८ किलोंहून कमी नसावे, अशी बंधने पडली. तासाच्या विक्रमासाठी तर मर्क्सच्या काळातील सायकल, म्हणजे गोल नळ्या, आऱ्यांची चाके आणि खाली वळलेले हँडल, सक्तीची झाली. मधल्या विक्रमांना वेगळे नाव मिळाले. बोर्डमनने २००० साली मर्क्सला मागे टाकले ते अवघ्या दहा मीटरांनी, आणि तेही समुद्रसपाटीजवळच्या दाट हवेत.

बंधनांचा परिणाम मात्र संघटनेला अभिप्रेत होता तसा झाला नाही. तिपटीची मर्यादा पडताच अभियंत्यांनी जर्मन शास्त्रज्ञ वुनिबाल्ट काम ह्याची १९३० च्या दशकातील मोटारींवरची युक्ती उचलली. निमुळत्या आकाराचे शेपूट कापून टाकले, तरी हवा ते असल्यासारखीच वागते. ट्रेक कंपनीचा २०१० चा सांगाडा असा शेपटी छाटलेला होता. पुढे तिपटीचे बंधनही सैल झाले आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकला लोटसनेच होप ह्या कंपनीबरोबर जो सांगाडा पाठविला, तो पाहून जुने जाणकार बुचकळ्यात पडले. त्याच्या पुढचा चिमटा अरुंद असण्याऐवजी चांगलाच रुंद होता. चिमट्याची पाती स्वाराच्या पायांच्या थेट पुढे येत होती. एकट्या सांगाड्याने वारा कसा कापावा हा विचार तेथे बाजूस सारला होता. पायांवर येणारी हवा आधीच वळवून द्यावी, एवढेच काम त्याला नेमून दिले होते.

तासाच्या विक्रमावरचे जुन्या सायकलचे बंधन २०१४ साली उठले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेन्खेन येथे डॅन बिगम ह्याने ५५.५४८ किलोमीटरांचा विक्रम केला. हा स्वतः वायुगतीचा अभियंता होता. त्याच्या ज्ञानाचा लाभ ज्याला मिळाला, त्या इटलीच्या फिलिप्पो गान्ना ह्याने दोन महिन्यांच्या आत त्याच धावपट्टीवर, धातूच्या चूर्णातून थरावर थर चढवून छापलेल्या सांगाड्यावर, ५६.७९२ किलोमीटर तोडले. बोर्डमनचा १९९६ चा आकडा सव्वीस वर्षांनी मागे पडला, आणि तोही हात पुढे ताणून निजल्याशिवाय.