लांब फेक कशासाठी?

नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या 298 धावांचा पाठलाग करणारी दक्षिण आफ्रिकेची सलामीची जोडी 51 धावांवर फुटली, ती अमनजोत कौरच्या थेट फेकीमुळे. धावचीत झालेली ताझमिन ब्रिट्स मूळची भालाफेकपटू. 2007 च्या जागतिक युवा स्पर्धेत तिनं सुवर्णपदक जिंकलं होतं. भाल्याचं अंतर फितीनं मोजलं जातं, धावचीतचा निकाल मात्र क्षणांवर लागतो. मग क्रिकेटपटूनं लांब फेकायला शिकावं तरी कशाला?

एके काळी क्रिकेटच्या चेंडूलाही फीतच लावत. 1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या डरहॅम सँड्सवर रॉबर्ट पर्सिव्हलनं चेंडू 140 यार्ड 2 फूट, म्हणजे सुमारे 128.6 मीटर फेकल्याची नोंद विस्डेन या क्रिकेट वार्षिकानं विक्रम म्हणून जपली. शालेय क्रीडास्पर्धांत चेंडूफेक हा स्वतंत्र प्रकार असे, आणि तो आपल्याकडेही रुजला. पण पुरुषांची सीमारेषा फार तर 90 यार्डांवर, महिलांची 60 ते 70 यार्डांवर. सीमारेषेवरून यष्टींपर्यंत पर्सिव्हलएवढी लांब फेक लागतच नाही, तेव्हा हा सारा ताकदीचा तमाशाच, असा आक्षेप सहज घेता येतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवू. सेकंदाला 25 मीटर वेगानं सुटलेला चेंडू जास्तीत जास्त 64 मीटर जाईल; 60 मीटरवरच्या यष्टिरक्षकाकडे पोचायला त्याला उंच चढावं लागेल आणि सुमारे 2.9 सेकंद लागतील. ज्या हाताची फेक 92 मीटर जाते, त्याचा वेग 30 मीटरचा. तो तेवढ्याच अंतरावर सपाट फेकून 2.1 सेकंदांत काम उरकतो. वाचलेल्या पाऊण सेकंदात जीव तोडून पळणारी फलंदाज चार-साडेचार मीटर कापते. न वापरलेलं अंतर असं वेळेत वसूल होतं.

हे अंतर नुसत्या खांद्यातून येत नाही. धावत येऊन छोटी उडी, अंग आडवं, पुढचा पाय घट्ट रोवलेला, आधी कंबर वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. भालाफेकीतही जोर याच क्रमानं वर चढतो. मुलींना फेकता येत नाही, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. शरीराचा फरक आहे, पण सरावाच्या संधीचाही आहे. 1973 पासून महिला क्रिकेटचा गाडा स्वतंत्र संघटनेनं तुटपुंज्या पैशांत ओढला. बीसीसीआयनं तो 2006 मध्ये हाती घेतला. अशा काळात क्षेत्ररक्षणाच्या खास प्रशिक्षणाला किती वाव मिळणार?

अमनजोतची फेक नेमकेपणाची होती, लांबीची नव्हे, असंही कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण ज्या हातात जोर शिल्लक असतो त्याला जवळून फेकताना पूर्ण ताकद लावावी लागत नाही, आणि नेम धरायला सवड मिळते. अतिसरावानं खांदा दुखावतो, हा धोकाही खरा. त्यावर उपाय मोजक्या फेकींचा आणि पायांच्या तयारीचा. नवी मुंबईतल्या शाळांनी चेंडूफेक जरूर ठेवावी. फक्त फितीबरोबर 60 मीटरवर एक स्टंप रोवावा आणि चेंडू तिथं पोचेपर्यंतचा वेळही लिहून ठेवावा.